रंग साफ करून मिळेल

अगं, ये, अशी जवळ बस. आणि आधी तो अंगठा थांबव. मी आयर्लंडहून आल्यापासून आमच्या बदलापूरच्या हेंद्रेपाड्यातल्या निम्म्या बाया कॅमेऱ्यातून मोबाइलवर घेतलेले माझे फोटो बघून गेल्या, आणि सगळ्यांनी ते अंगण झाडल्यासारखे बघितले. सर्र, सर्र, सर्र. समुद्र गेला, डोंगर गेला, मेंढी गेली, "काकू, मस्त हां!" म्हणून मोबाइल परत माझ्या हातात. बारा दिवसांचा प्रवास दोन मिनिटांत झाडून मोकळ्या! माझं आयुष्य फोटोत गेलंय, म्हणून मला राग येतो. तुला नाही येणार.

म्हणून ह्या दिवाळीच्या अंकासाठी "काकू, तुमच्या कामाबद्दल लिहा" असं सांगायला माणसं आली, तेव्हा मी म्हटलं, लिहिते, पण बोलते तशीच लिहीन. शाळा सातवीपर्यंत. पुढचं सगळं बघून बघून शिकले. शुद्धलेखन तुमचं तुम्ही बघा.

उल्हासनगरला कॅम्प दोनमध्ये, बाजाराच्या आतल्या गल्लीत, एका फोटो स्टुडिओत मी अठ्ठावीस वर्षं काम केलं. आता आयर्लंडचं आणि त्या स्टुडिओचं काय नातं, विचारशील. माझी मुलगी प्रज्ञा तिकडे गॉलवे नावाच्या गावात नर्स आहे. नवरा आहे, नऊ वर्षांची पोर आहे, सगळं छान आहे. फक्त चौदा वर्षांत तिने मला तिचा एकही फोटो काढू दिलेला नाही. समोर कॅमेरा धरला की पाठ फिरवते. जगाचे फोटो काढले मी, आणि पोटची पोर माझ्यासमोर बसत नाही. लोकांना सांगितलं की समुद्र बघायला चालले. खरं सांगू? मी विमानात बसले ते तिचा एक फोटो काढायला.

ती का बसत नाही, ते कळायला धंदा कळायला हवा. स्टुडिओच्या दारावर पाटी होती: पासपोर्ट फोटो अर्जंट. जुन्या फोटोवरून नवीन. रंग साफ करून मिळेल. त्या तिसऱ्या ओळीवर माझं घर चाललं. नवऱ्याचा अंबरनाथचा कारखाना बंद पडला आणि मी फोटो कापायला म्हणून स्टुडिओत लागले. मालक लछूदादा, सिंधी माणूस, सगळ्या बायांना 'अदी' म्हणायचे, म्हणजे बहीण. त्यांनी मला एकच गोष्ट शिकवली, पेन्सिलीला टोक काढायला. ब्लेडने लाकूड सोलायचं आणि मग शिसं काचकागदावर फिरवत फिरवत सुईसारखं करायचं. ते जमायला मला महिना लागला. दादा म्हणाले, "अदी, अब बैठ जा." कॅमेरा पुढे मी बघून बघून शिकले.

तेव्हा रोलचा जमाना. फोटो छापण्याआधी त्याच्या निगेटिव्हवर हाताने काम व्हायचं, त्याला आम्ही टचिंग म्हणायचो. एक उतरती लाकडी पेटी, वर दुधी काच, खाली आरसा. आरसा खिडकीतला उजेड काचेवर फेकायचा आणि काचेवर निगेटिव्ह. निगेटिव्हमधलं जग उलटं असतं. गोरा माणूस काळा, काळा माणूस पांढरा, दात कोळशासारखे. त्यावर जिथे पेन्सिल फिरवाल, तिथे छापलेल्या फोटोत पांढरं येतं. डोळ्यांखाली, गालांवर, कपाळावर, स्वल्पविरामाएवढे बारीक बारीक फटकारे मारत जायचं. म्हणजे आमच्याकडे माणसाला काळं फासलं की तो गोरा व्हायचा. लछूदादा गिऱ्हाइकाला सांगायचे, "साईं, पूरे उल्हासनगर में ये एक ही दुकान है जहाँ मुँह काला करवाने का पैसा लगता है."

गिऱ्हाइकं कशी कशी यायची! एक सिंधी भाभी सासूचा फोटो घेऊन आली. सासू वारली होती, हाराचा फोटो करायचा होता. मला हळूच म्हणाली, "अदी, थोड़ा हँसा सकते हो क्या? पैंतीस साल मेरे सामने एक बार नहीं हँसी." मी ओठांच्या कोपऱ्यांना दोन फटकारे दिले. भाभी फोटोकडे बघत राहिली आणि तिथेच स्टुलावर बसून रडली. म्हणाली, "ऐसी होती तो झगड़ा ही किसका था."

आणि खरवईचे एक म्हातारेबाबा. शेतकरी माणूस, कसल्याशा कागदाला फोटो हवा होता. मी सवयीने पेन्सिल उचलली तर त्यांनी माझा हातच धरला. "नको बाय, काय लावू नको. ह्या रेघा मी उनात उभा र्‍हाऊन कमावल्यात. तू एका बसण्यात पुसशील, नि घरची म्हातारी बोलल, ह्यो कोन आनलास?" आम्ही सगळे हसलो. अठ्ठावीस वर्षांत "काही करू नका" म्हणणारा तेवढा एकच भेटला. तेव्हा मला तो गमतीचा माणूस वाटला होता. शहाणा वाटायला फार वर्षं गेली.

सगळ्यात जास्त काम स्थळांच्या फोटोंचं. मुलगी साडी नेसून यायची, बरोबर आई नाहीतर मावशी. मुलीला पडद्यासमोर बसवलं की आई माझ्याजवळ येऊन आवाज खाली करायची. सिंधी असेल तर "अदी, लड़की को थोड़ा साफ कर देना, शनिवार को लड़केवाले आ रहे हैं." मराठी असेल तर "ताई, रंग जरा साफ करा हं, नाकी-डोळी छानच आहे." आमच्यातल्या बायाही तेच म्हणायच्या. विहारात समतेवरची भाषणं ऐकायची आणि तिथून उठून माझ्याकडे यायचं. जातीचं ओझं आमच्या सासऱ्यांच्या पिढीनं एका दिवसात टाकून दिलं. रंगाचं ओझं पदराखाली तसंच राहिलं.

हा शब्द बघ, साफ. कुणी "गोरी करा" म्हणत नसे, तेवढी लाज होती. साफ करा म्हणायचे. म्हणजे मुलीच्या तोंडाला काही लागलंय आणि ते आपल्याला धुवायचंय. मी दिवसातून वीस वेळा हा शब्द ऐकायचे आणि वीस वेळा "हो" म्हणायचे. माझ्या हाताला गुण आहे म्हणायचे लोक. लग्न जमलं की पेढे यायचे. खोटं कशाला बोलू, मला अभिमान होता.

पेन्सिलीचं एक बरं होतं. ती पुसता यायची. एक मुलगी लग्नानंतर परत आली, लाजत लाजत म्हणाली, "काकू, ते म्हणतात, तू जशी आहेस तसा फोटो मला पाकिटात पाहिजे." मी तिची निगेटिव्ह शोधली, स्पिरिटचा बोळा फिरवला, आणि खाली ती होती तशी होती. दोन मिनिटांचं काम.

मग कॉम्प्युटर आला. कंपनीचा माणूस एक दिवस येऊन शिकवून गेला आणि मी सगळं वहीत उतरवून घेतलं: इथे दाब, तिथे दाब, हे गोल घेऊन गालावर फिरव. शेवटची पायरी लिहिली होती, सेव्ह. सेव्ह म्हणजे वाचवणं, एवढं मला माहीत होतं. साफ करायचं आणि वाचवायचं. त्याच यादीत खाली 'सेव्ह ॲज' अशी दुसरी ओळ होती, तिच्याकडे मी कधी बघितलं नाही. वहीत नव्हती ना! त्या ओळीने मूळ फोटो तसाच राहतो आणि नवा वेगळा होतो. माझ्या पद्धतीने नवा फोटो जुन्याच्या उरावर बसायचा, आणि जुना कायमचा जायचा. बरीच वर्षं मी असंच केलं. वाचवते वाचवते म्हणत किती चेहरे बुडवले, देव जाणे. आमचा देवावर विश्वास नाही, पण म्हणायची सवय आहे.

आता प्रज्ञाचं सांगते. ती बापावर गेलेली. सावळी वगैरे म्हणत नाही मी आता, काळी. डोळे मोठे, कपाळ मोठं, आवाज खणखणीत. नर्सिंग झालं, नोकरी लागली, आणि मी स्थळं बघायला लागले. तिला नको होतं, माझ्यासाठी म्हणून एका रविवारी स्टुडिओत येऊन बसली. इतका छान बसला होता तो फोटो! मी स्क्रीनवर उघडला. कुणी काही सांगितलं नव्हतं. माझ्या शेजारी कुठली मावशी उभी नव्हती. माझा हात आपोआप गेला. कपाळ, गाल, मान. सेव्ह. आणि तिला न दाखवता अंबरनाथच्या एका घरी पाठवला.

ती माणसं बघायला आली. मुलगा, त्याची आई आणि आत्या. प्रज्ञा पाण्याचा ट्रे घेऊन बाहेर आली. आत्याने पर्समधून फोटो काढला, प्रज्ञाच्या तोंडाजवळ धरला, विमानतळावर पासपोर्ट धरतात ना तसा, आणि हसत म्हणाली, "अहो, हा फोटो कुणाचा पाठवलात?"

तिथे आई म्हणून मी काय बोलायला हवं होतं? मी म्हटलं, "लाइटमुळे वाटतं तसं."

प्रज्ञाने ट्रे खाली ठेवला. आत्याच्या हातातून फोटो घेतला, नीट बघितला. पहिल्यांदाच बघत होती. म्हणाली, "हा माझा नाही. आईच्या हातचा आहे." आणि आत गेली. माणसं चहा न घेता उठली. मी स्वयंपाकघरात गेले तर ती ओट्याला टेकून उभी. रडत नव्हती. म्हणाली, "बाहेरच्यांनी मला नावं ठेवायच्या आधी तू ठेवलीस, आई. पहिली तू."

पुढे तिचं तिनेच जमवलं. हॉस्पिटलमधला सचिन, फार गुणी मुलगा. विहारात लग्न झालं. आदल्या दिवशी मला म्हणाली, "तू नवरीची आई म्हणून बस. कॅमेरा घरी ठेव." ठेवला.

तर ह्या वर्षी मी गॉलवेला पोचले आणि त्यांनी मला गाडीत घालून समुद्राकाठाने फिरवायला काढलं. प्रज्ञा गाडी चालवणार, शेजारी सचिनराव, मागे मी आणि नात यशोधरा, म्हणजे आमची यशू. गाड्या तिकडे आपल्यासारख्याच डाव्या बाजूनं चालतात, पण रस्ता बदलापूरच्या गल्लीएवढा, दोन्हीकडे रचलेल्या दगडांच्या भिंती, आणि समोरून गाडी आली की तो माणूस स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून राम राम करतो. ओळख ना पाळख! मी पण मागच्या सीटवरून बोट उचलायला लागले. सचिनराव म्हणाले, "आई, तुम्ही मागे बसून उचलू नका, त्यांना वाटेल काहीतरी सांगताय."

मेंढ्या रस्त्यात बसलेल्या असतात. त्यांच्या पाठीवर निळा-लाल रंग फासलेला, कुणाची कुठली कळायला. हॉर्न वाजवायचा नाही, त्या उठेपर्यंत थांबायचं. डोंगर हिरवे, पण झाडं कमी, आणि डोंगर संपतो तिथे एकदम समुद्र. आपल्याकडे कसं, आधी वाळू, मग पाणी. सवय होईपर्यंत वेळ मिळतो. तिकडे जमीन बोलता बोलता तुटते. दिवसातून चार वेळा पाऊस आणि पाच वेळा ऊन. मी "थांबव" म्हटलं की प्रज्ञा गाडी थांबवायची. मी उतरायचे, ती पण उतरायची, आणि मी कॅमेरा उचलेपर्यंत ती फोटोच्या बाहेर गेलेली असायची. कधी डिकी उघडायची, कधी यशूची टोपी शोधायची, कधी "दे, मी काढते तुमचा." पहिल्या चार दिवसांत मी तिच्या कोपराचे, तिच्या जॅकेटच्या पाठीचे, आणि एका ठिकाणी नुसत्या सावलीचे फोटो काढले.

क्लिफडेन नावाच्या गावात आम्ही एका बाईच्या घरी उतरलो. तिकडे लोक घरातल्या दोन खोल्या प्रवाशांना देतात आणि सकाळी नाश्ता देतात. सत्तरीची असेल, नाव ब्रिजिट. सकाळी खिडकीबाहेर बारीक पाऊस, सगळं राखाडी. मी म्हटलं, गेला आजचा दिवस. ती बशा मांडत काहीतरी बोलली. प्रज्ञाने सांगितलं, "आई, त्या म्हणतात, आज सॉफ्ट दिवस आहे. अशा पावसाला इथे असंच म्हणतात." मला हसू आलं. आमच्या स्टुडिओत दिव्यापुढे पांढरं कापड बांधायचो, उजेड सॉफ्ट व्हायला. इथे आख्ख्या आभाळालाच कापड बांधलेलं!

तिच्या जिन्यात घरच्यांचे जुने फोटो होते. मी चष्मा लावून एकेक बघितला, आमचं तेच आहे, दुसऱ्याचं टचिंग शोधायचं. बाईच्या तोंडावर भरपूर ठिपके, तिळासारखे, आणि जिन्यातल्या लहानपणच्या फोटोत एकही नाही. मी बोटाने दाखवलं. ती खळखळून हसली आणि सांगायला लागली, प्रज्ञा मला मराठीत सांगत होती. तिची आई तिला दर शनिवारी ताकाने तोंड धुवायला लावायची, ठिपके जावेत म्हणून. गेले नाहीत, तर फोटोवाल्याला सांगून काढले. प्रज्ञा सांगता सांगता मध्येच थांबली. आम्ही दोघी जिन्यात, ती वरच्या पायरीवर, मी खालच्या. ब्रिजिटबाई एकटीच हसत होती.

दुसऱ्या दिवशी गाडीत यशूला कंटाळा आला. "आजी, स्टोरी." मला काय स्टोरी येणार, मी स्टुडिओची सांगितली. पेन्सिल, दुधी काच, सगळं उलटं जग. काळं लावलं की गोरं होतं, हे ऐकून ती टाळ्या वाजवायला लागली. "आजी, मॅजिक!" मग काय, मी फुलले. न हसणारी सासू सांगितली, शनिवारी बघायला येणारी माणसं सांगितली, "आजीच्या हातात गेली की मुलगी एकदम साफ!" असंही म्हणाले. तोंडातून गेल्यावर गाडीच्या आरशात बघितलं. प्रज्ञा समोरच्या रस्त्याकडे बघत होती. "आई, पुरे," एवढंच म्हणाली. सचिनरावांनी खिडकी उघडली आणि लगेच बंद केली.

त्या दुपारी आम्ही ॲकिल नावाच्या बेटावर गेलो, पूल आहे. रस्ता कड्याच्या कडेने उतरत जातो आणि खाली कीम म्हणून एक किनारा, घोड्याच्या नालेच्या आकाराचा, तिन्हीकडे हिरवे उभे डोंगर. पाऊस थांबला होता आणि ढगांच्या फटीतून समुद्रावर ऊन पडलं होतं, पाणी नुसतं कल्हई केल्यासारखं. यशू पळत पाण्याशी गेली, वळली, हात वर केले. मी घाईत फोटो काढला. प्रत्येक नवशिक्याची चूक मी केली: मागे लखलखता समुद्र, पुढे पोर. कॅमेरा मागचा उजेड बघून घाबरतो आणि सगळंच अंधारं करतो. पोरीचा चेहरा काजळीसारखा आला, डोळे-नाक काही नाही.

ती धावत आली, स्क्रीन बघितली. मग मान वर करून म्हणाली, "आजी, मी खूप डार्क आहे. मला पण साफ कर ना."

वारा केवढा, तरी ते प्रज्ञाला ऐकू गेलं. ती टॉवेल झटकत होती, तशीच थांबली. माझ्याकडे बघत राहिली. चौदा वर्षांपूर्वी ओट्याला टेकून बघत होती ना, तसंच. मी काय बोलते, याची वाट बघत होती. मला वाटलं, आता मी चुकीचं बोलले तर ही मला विमानतळावर सोडेल, पाया पडेल, दर रविवारी फोन करेल, आणि परत कधी माझी होणार नाही.

मी वाळूत गुडघे टेकले. माझे गुडघे, तुला माहितीये. म्हटलं, "यशू, तुला साफ करायला तू काय मळली आहेस का? चूक आजीची आहे. तुझ्या तोंडावर उजेड मी दिलाच नाही. उजेड कमी पडला की कुणाचंही तोंड दिसत नाही."

"मॅजिक नाही करणार?"

"नाही. ते मॅजिक खोटं होतं. आजी चुकली होती."

मग मी तिला फिरवलं, समुद्राकडे तोंड करून बसवलं, आणि प्रज्ञाला हाक मारली, "अगं, तो पांढरा टॉवेल घेऊन इकडे ये." स्टुडिओत आम्ही थर्माकोलचा पांढरा तक्ता हनुवटीखाली धरायचो, खालून उजेड उसळायला. प्रज्ञा आली. टॉवेलची दोन टोकं ताणून पोरीच्या पुढ्यात उकिडवी बसली. मी कॅमेऱ्यातलं उजेडाचं बटण दीड घर पुढे नेलं आणि फोटो काढला. यशूचा रंग जसा आहे तसा आला, काळा, तजेलदार, गालावर वाऱ्याने आलेली लाली पण दिसत होती. एवढी वर्षं मला कुणी सांगितलं नाही, आणि मी पण स्वतःला विचारलं नाही. काळ्या माणसाला उजेड जास्त द्यावा लागतो, एवढंच होतं. आम्ही उजेडाची कंजुषी करायचो आणि मग रंग पुसायचो.

यशूने बघितलं. "हा माझा कलर?"

"हाच."

"ओके," म्हणाली आणि शिंपले शोधायला पळाली. मुलांचं बरं असतं.

आम्ही दोघी तिथल्या एका दगडावर बसलो. मी बोलायला गेले, "प्रज्ञा, त्या दिवशी..." तर ती म्हणाली, "आई, टॉवेल ओला झाला, हात दुखतोय माझा." मी टॉवेल तिच्या हातातून घेतला. सचिनराव थर्मासमधला चहा देऊन शहाण्यासारखे लांब निघून गेले. अर्धा चहा झाल्यावर तिने समुद्राकडे बघतच विचारलं, "तो मूळ फोटो आहे का तुझ्याकडे? काही न केलेला?"

मी हा प्रश्न चौदा वर्षं मनात घोळवला होता, उत्तर बदलेल म्हणून. म्हटलं, "नाही गं. मला सेव्ह ॲज येत नव्हतं."

"म्हणजे?"

मी तिला ती वही सांगितली. इथे दाब, तिथे दाब, शेवटी सेव्ह. ऐकताना तिचा चेहरा आधी रडवेला झाला आणि मग एकदम ती हसायला लागली. इतकी हसली की चहा सांडला. "आई! मला वाटायचं तू मुद्दाम फेकून दिलास. मी आवडले नाही म्हणून फेकलास. चौदा वर्षं!" आणि मग हसता हसताच डोळे पुसले. "चोविसाव्या वर्षी मी कशी दिसत होते, मला बघायचं होतं गं. यशू विचारते."

काही चुका माफ होतात, पण भरून येत नाहीत, हे मी तिथे त्या दगडावर बसून शिकले. वय वर्षं सहासष्ट.

निघायची वेळ झाली. ती गाडीशी गेली, डिकी उघडली, बंद केली, परत आली. माझ्यासमोर उभी राहिली, हात कुठे ठेवायचे कळत नसल्यासारखी. "एकच काढ. आणि मला दाखवायच्या आधी काही करायचं नाही."

मी तिला कड्याच्या बाजूला घेतलं, तिथे आभाळाचा उजेड एकसारखा पडत होता. तिला "हस" म्हटलं नाही, "हनुवटी खाली" म्हटलं नाही. केस वाऱ्यावर. डोळ्यांखाली ड्यूट्यांनी आलेली वर्तुळं, कपाळावर एक नवी रेघ. पूर्वी ह्याच जागांवर माझी पेन्सिल आधी जायची. काढला. तसाच तिच्या हातात दिला.

ती बघत राहिली. मग म्हणाली, "थकलेली दिसतेय मी."

"आहेसच."

"हो," ती म्हणाली. "आहे." आणि कॅमेरा परत दिला, फोटो पुसायच्या बटणाला हात न लावता. मला म्हणाली, "हा ठेव."

इकडे आल्यापासून मला एकच गोष्ट कुरतडते. प्रज्ञा माझी होती, समोर उभी तरी राहिली. पण कॅम्प दोनच्या त्या दुकानात मी साफ केलेल्या बाकीच्या पोरी? लछूदादा गेले, दुकानात आता मोबाइलची कव्हरं मिळतात. जुन्या निगेटिव्ह भंगारात गेल्या, त्यांतून चांदी काढतात म्हणे. कॉम्प्युटरमध्ये काय उरलंय ते तुला सांगितलंच. पोरींनो, तुम्ही सगळ्या आता चाळिशीच्या, पन्नाशीच्या असाल, कुणी अंबरनाथला, कुणी खरवईच्या नव्या बिल्डिंगींत, कुणी इथेच माझ्या मागच्या गल्लीत. तुमच्यापैकी कुणाच्या आईने माझ्या कानात "साफ करा" म्हटलं होतं आणि मी "हो" म्हटलं होतं, ते मला नावांसकट आठवत नाही. तुम्हाला आठवत असेल.

तेव्हाचा तुमचा चेहरा मी परत देऊ शकत नाही. आत्ताचा काढून देऊ शकते. हेंद्रेपाड्यात येऊन फोटोवाल्या काकू म्हणून विचारा, कुणीही घर दाखवेल. उत्तरेच्या खिडकीपाशी मी एक खुर्ची रिकामी ठेवली आहे, सकाळी दहा ते बारा तिथे उजेड छान असतो. पावडर लावून येऊ नका. मुली असतील तर त्यांनाही आणा. चहा मी ठेवते. फक्त फार दिवस लावू नका गं, डॉक्टर म्हणतात उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू पिकत आलाय, आणि तुमचा रंग मला नीट बघायचा आहे.